आठ तासांची मुदत

मार्च 1990 च्या अखेरीस अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने एक घोषणा केली. अपघातात मज्जारज्जूला मार बसलेल्या रुग्णाला पहिल्या आठ तासांच्या आत मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा मोठा डोस सुरू केला, तर लुळ्या पडलेल्या अवयवांत अधिक बळ परत येतं, असं त्या घोषणेचं म्हणणं होतं. वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली. इस्पितळांच्या अपघात विभागांना सूचना गेल्या. ज्या अभ्यासाच्या जोरावर हे चाललं होतं, तो मात्र ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या 17 मेच्या अंकात छापून यायचा होता. मधल्या आठवड्यांत डॉक्टरांच्या हाती औषध होतं, डोस होता, वेळेची मुदतही होती. त्यामागचे आकडे तपासून पाहायची सोय तेवढी नव्हती.

या एका औषधाने पुढची वीस-पंचवीस वर्षं मज्जारज्जूच्या उपचारांवर राज्य केलं. ते आलं कसं, रुजलं कसं आणि त्याच्यावरचा विश्वास ओसरला कसा, हा इतिहास प्रत्येक रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी जाणून घ्यावा असा आहे. या दुखापतीवर ‘नवा उपचार’ म्हणून आज जे जे पुढे येतं, ते पारखायचं कसं, याचा धडा त्यात आहे.

घोषणेला एवढी घाई का झाली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. मज्जारज्जूला मानेत मार बसला तर हात-पाय दोन्ही जातात, पाठीत बसला तर पाय जातात, आणि बहुतेकदा लघवी-शौचावरचा ताबाही सुटतो. इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमारास इजिप्तमध्ये लिहिल्या गेलेल्या एका पपायरसवर अशा रुग्णाची लक्षणं नेमकी नोंदवली आहेत, आणि याच्यावर इलाज करू नये असा निवाडाही दिला आहे. पुढे साडेतीन हजार वर्षं तो निवाडा जवळपास तसाच राहिला. पहिल्या महायुद्धात कमरेखाली लुळे पडलेले बहुतेक सैनिक शय्याव्रणांनी किंवा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने फार काळ न जगता दगावले.

हा निवाडा मोडून काढला तो लुडविग गुटमान यांनी. जर्मनीतून 1939 साली इंग्लंडला परागंदा झालेले हे ज्यू मेंदूविकारतज्ज्ञ. फेब्रुवारी 1944 मध्ये स्टोक मँडेव्हिल इस्पितळात त्यांच्याकडे मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सोपवण्यात आला. त्यांच्याकडे कुठलंही नवं औषध नव्हतं. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची. मूत्राशय वेळेवर आणि स्वच्छ हातांनी रिकामं करायचं. माणसाला शक्य तितक्या लवकर बसतं करायचं, कामाला आणि खेळाला लावायचं. एवढ्यावर मृत्यू झपाट्याने कमी झाले. 1948 साली त्यांनी सोळा रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली आणि त्यातून पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून पाय लुळे पडलेले सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर 1972 साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकले, ते याच परंपरेत.

गुटमान यांच्या विभागाने आणखी एक मोलाची गोष्ट केली. सहाशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून 1969 साली हान्स फ्रँकेल आणि सहकाऱ्यांनी दुखापतीच्या तीव्रतेची पाच पायऱ्यांची प्रतवारी मांडली. कणा नीट स्थितीत ठेवला आणि निगा राखली, तर बऱ्याच रुग्णांत, विशेषतः ज्यांची संवेदना थोडीफार शाबूत आहे त्यांच्यात, आपोआपच सुधारणा होते, हे त्या नोंदींतून दिसत होतं. ही बाब पुढे वारंवार विसरली गेली आणि दर वेळी महागात पडली.

औषधाची कल्पना निघाली ती वेगळ्या वाटेने. 1911 साली फिलाडेल्फियात आल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन यांनी कुत्र्यांच्या उघड्या मज्जारज्जूवर ठरावीक उंचीवरून ठरावीक वजन टाकून दुखापत मोजूनमापून घडवली. मार बसला त्या क्षणी सगळं संपत नाही, असं त्यांना आढळलं. पुढच्या तासांत रज्जूच्या गाभ्यात रक्त साकळतं, सूज चढते आणि आधी वाचलेला भागही मरू लागतो. एका घराला लागलेली आग शेजारच्या घरांत पसरावी, तसा हा दुसरा घात. ॲलन 1918 साली फ्रान्समध्ये रणभूमीवर मारले गेले, पण त्यांचा विचार टिकला: पहिला घात कुणाच्या हातात नाही, दुसरा कदाचित अडवता येईल. 1960 च्या दशकात मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज स्टिरॉइडने उतरते हे शल्यविशारदांच्या रोजच्या अनुभवाचं झालं होतं. मग रज्जूची सूज का उतरू नये? प्राण्यांवर प्रयोग झाले, काहींचे निष्कर्ष चांगले आले आणि पुरावा हाती येण्याआधीच स्टिरॉइड देण्याचा पायंडा पडला.

त्यामुळे येल विद्यापीठाचे साथरोगतज्ज्ञ मायकेल ब्रॅकन यांच्या नेतृत्वाखाली पहिली मोठी राष्ट्रीय चाचणी आखली गेली, तेव्हा पहिल्याच पावलाला अडचण आली. ही चाचणी ‘नॅस्किस’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. औषधाचा गुण ठरवायचा तर काही रुग्णांना ते न देता तुलना करायला हवी. पण स्टिरॉइड नाकारणं अनैतिक ठरेल असं डॉक्टरांचं मत पडलं. म्हणून 330 रुग्णांपैकी काहींना कमी आणि काहींना दसपट डोस, अशी तुलना झाली. 1984 साली निष्कर्ष आला: दोन्ही गटांच्या सुधारणेत फरक नाही, जखमा चिघळण्याचं प्रमाण मात्र मोठ्या डोसच्या गटात जास्त. दोन्ही डोस सारखेच उपयोगी की सारखेच निरुपयोगी, हे कळायला मार्ग नव्हता, कारण औषधाशिवाय काय झालं असतं हे सांगणारा गटच नव्हता.

दुसऱ्या चाचणीत ही चूक सुधारली. प्राण्यांवरच्या नव्या प्रयोगांतून असं दिसत होतं की स्टिरॉइडचा संरक्षक परिणाम हवा असेल तर डोस फार मोठा हवा. 487 रुग्णांची तीन गटांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी झाली: 162 जणांना मिथाइलप्रेडनिसोलोन, 154 जणांना नॅलॉक्सोन हे दुसरं औषध आणि 171 जणांना गुण नसलेलं द्रव्य, म्हणजे प्लासिबो. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला ठाऊक नव्हतं, तपासणाऱ्यालाही नव्हतं. एवढ्या मोठ्या संकटात असलेल्या माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी अशा चाचणीला होकार दिला, याचं ऋण सगळ्यांनी मानायला हवं.

डोस केवढा होता पाहा. वजनाच्या दर किलोमागे 30 मिलिग्रॅम पंधरा मिनिटांत शिरेतून, मग पाऊण तास थांबून पुढचे 23 तास दर तासाला किलोमागे 5.4 मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला पहिल्याच झटक्यात 1800 मिलिग्रॅम आणि पुढे दर तासाला 324 मिलिग्रॅम. चोवीस तासांत सव्वानऊ ग्रॅमहून जास्त स्टिरॉइड, तेही फासळ्या मोडलेल्या, फुप्फुसं दुबळी झालेल्या, जखमा ताज्या असलेल्या अंगात.

सगळे रुग्ण एकत्र घेतले तेव्हा औषधाचा गुण दिसला नाही. मग उपचार कधी सुरू झाला त्यानुसार त्यांचे दोन भाग पाडले: आठ तासांच्या आतले आणि नंतरचे. आतल्या भागात मिथाइलप्रेडनिसोलोन मिळालेल्यांची सहा महिन्यांतली सुधारणा सरासरी 16 गुणांची आणि प्लासिबो मिळालेल्यांची 11.2 गुणांची निघाली. घोषणा झाली ती या जवळपास पाच गुणांच्या बळावर.

हे गुण म्हणजे काय, हे रुग्णाच्या खाटेपाशी उभं राहिल्याशिवाय उमगत नाही. तपासणारा एकेका स्नायूचं बळ हाताने अजमावतो. काहीच हालचाल नाही तर शून्य. बोटाखाली नुसती थरथर जाणवली तर एक. गादीवरून सरकवता आलं पण उचलता आलं नाही तर दोन. उचलता आलं तर तीन, थोडा दाब झेलला तर चार, पुरतं बळ असेल तर पाच. नॅस्किसमध्ये असे चौदा स्नायू धरले होते, म्हणजे एकूण गुण 70, आणि प्रसिद्ध झाले ते उजव्या बाजूचे. आता पाच गुणांची वाढ दोन तऱ्हांनी होऊ शकते. मानेच्या दुखापतीत दंडामागच्या, कोपर ताठ करणाऱ्या स्नायूत पुरेसं बळ आलं, तर हातांवर भार देऊन माणूस खाटेवरून चाकाच्या खुर्चीत सरकू शकतो. तेवढ्याने त्याचं आयुष्य पालटतं. पण पाच वेगवेगळ्या स्नायूंत एकेक गुण वाढून नुसती थरथर आली, तर बेरीज तेवढीच आणि हाती काहीच नाही. रुग्ण स्वतः जेवू शकतो का, कपडे घालू शकतो का, खुर्चीत बसू शकतो का, याची मोजणी दुसऱ्या चाचणीत झालीच नव्हती.

आक्षेप घेणाऱ्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. आठ तासांच्या आतल्या दोन्ही गटांत प्रत्येकी सत्तरच्या आतबाहेरच रुग्ण होते. आठचीच रेघ का? सहाची का नाही, दहाची का नाही? वेळेचा परिणाम तपासायचं आधीपासून ठरलं होतं, असं अभ्यासकर्त्यांचं म्हणणं. रेघ पडली ती आकडे हाती आल्यावर, असं टीकाकारांचं. शिवाय आठ तासांनंतर औषध मिळालेल्यांची वर्षभरातली सुधारणा प्लासिबोपेक्षाही कमी भरली होती. 1997 साली तिसऱ्या नॅस्किस चाचणीने 499 रुग्णांत 24 आणि 48 तासांच्या डोसची तुलना केली. तिच्यात पुन्हा प्लासिबो गट नव्हता. कारण आता स्टिरॉइड हाच ठरलेला उपचार मानला जात होता. 48 तासांच्या गटात गंभीर न्यूमोनिया आणि रक्तातला जंतुसंसर्ग जास्त आढळला.

तोवर औषध अंगवळणी पडलं होतं. अमेरिका-कॅनडातल्या शल्यविशारदांची मतं जेव्हा विचारली गेली, तेव्हा अनेकांनी कबूल केलं की त्यांना गुणाची खात्री नाही. दिलं नाही तर कोर्टात खेचले जाऊ, या भीतीने ते स्टिरॉइड देतात. आपल्याकडच्या अपघात विभागांतही हाच डोस पोचला.

धक्का बसला तो शेजारच्या विषयातून. डोक्याला मार बसलेल्यांनाही दशकानुदशकं स्टिरॉइड दिलं जात होतं. लंडनहून चालवलेल्या ‘क्रॅश’ चाचणीने अनेक देशांतल्या 10,008 अशा रुग्णांत मिथाइलप्रेडनिसोलोन आणि प्लासिबो यांची तुलना केली. 2004 साली ती वेळेआधी थांबवावी लागली: दोन आठवड्यांत स्टिरॉइड गटातले 21.1 टक्के रुग्ण दगावले, प्लासिबो गटातले 17.9 टक्के. जे भल्यासाठी टोचलं जात होतं ते माणसं मारत होतं, आणि ते कुणा एका डॉक्टरला आपल्या वॉर्डात कधीच दिसलं नसतं. डोक्याचा निष्कर्ष जसाच्या तसा मज्जारज्जूला लावता येत नाही, पण त्यानंतर ‘दिल्याने निदान नुकसान तरी नाही’ असं म्हणायची सोय उरली नाही. 2013 साली अमेरिकेतल्या मेंदू-शल्यविशारदांच्या संघटनांनी या औषधाची शिफारस करू नये असा स्पष्ट निर्णय दिला. 2017 साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या दुसऱ्या एका गटाने, आठ तासांच्या आत 24 तासांचा डोस हा एक पर्याय म्हणून विचारात घ्यावा, असं सौम्य मत नोंदवलं. एकमत आजही नाही.

या अनुभवाचं सार एका प्रश्नात सांगता येतं: उपचाराशिवाय या माणसाचं काय झालं असतं? मज्जारज्जूच्या बाबतीत तो फार अवघड आहे, कारण पहिल्या महिन्यांत शरीर स्वतःच बरंच काही परत मिळवत असतं. मेरीलँडमध्ये जीएम-1 नावाच्या औषधाची 37 रुग्णांवर झालेली चाचणी 1991 साली छापून आली, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. मग 28 केंद्रांत जवळपास 800 रुग्णांवर तपासलं, तेव्हा ठरलेल्या कसोटीवर औषध उतरलं नाही. अर्धवट दुखापत झालेल्यांना पट्ट्याने अधांतरी धरून सरकत्या पट्ट्यावर चालवण्याचा व्यायामही असाच गाजला होता. 2006 साली 146 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली: सरकत्या पट्ट्यावरच्या गटात बहुतेक जण छान चालू लागले होते, आणि जमिनीवरचा साधा चालण्याचा सराव केलेल्यांच्या गटातही तसेच. दुसरा गट नसता, तर पहिल्याचा विजय म्हणून डंका पिटला गेला असता.

तुलनेचा गट नसला की काय होतं, हे बीजिंगमध्ये दिसलं. 2000 च्या दशकात तिथे एक शल्यविशारद गर्भातल्या पेशी रुग्णांच्या मज्जारज्जूत सोडत होते. देशोदेशीचे शेकडो लोक पदरचे पैसे खर्चून गेले. चाचणी अशी कधी झालीच नाही. ब्रूस डॉबकिन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांची जाण्याआधी आणि आल्यावर तपासणी केली. 2006 साली त्यांनी लिहिलं की उपयोगी सुधारणा आढळली नाही. काहींना मेंदूज्वर मात्र झाला. यानंतर 2007 साली एका आंतरराष्ट्रीय गटाने मज्जारज्जूच्या चाचण्या कशा आखाव्यात याचे दंडक छापले आणि रुग्णांसाठी सोप्या भाषेतली पुस्तिकाही काढली. जीएम-1 औषध म्हणून फसलं, पण त्या चाचणीतल्या रुग्णांच्या नोंदींवरूनच नैसर्गिक सुधारणा किती असते आणि नवी चाचणी किती मोठी हवी, याचं गणित मांडता आलं. नीट केलेली चाचणी अपयशी ठरली तरी वाया जात नाही.

आणखी एक बदल घडवला रुग्णांनीच. स्वतः मज्जारज्जूची दुखापत असलेल्या संशोधक किम अँडरसन यांनी 681 जणांना विचारलं: एकच गोष्ट परत मिळणार असेल तर कुठली हवी? 2004 साली उत्तरं छापली. मानेची दुखापत असलेल्यांनी सर्वांत आधी हातांचं बळ मागितलं. कमरेखाली लुळे असलेल्यांनी लैंगिक क्षमतेला पहिलं स्थान दिलं. लघवी-शौचावरचा ताबा दोन्ही गटांच्या यादीत वर होता. पुन्हा चालणं, ज्याच्या चित्रांवर देणग्या गोळा होत होत्या, ते पहिलं नव्हतं. आता चाचण्या हे ऐकू लागल्या आहेत. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अप-लिफ्ट’ अभ्यासात मानेच्या जुन्या दुखापतीच्या 60 रुग्णांना आधी दोन महिने फक्त व्यायाम आणि नंतर दोन महिने व्यायामाबरोबर त्वचेवरून विजेची उत्तेजना दिली. बोटांची पकड आणि हाताचं बळ हीच कसोटी होती. 72 टक्के जणांत बळ आणि काम दोन्ही वाढलं आणि वर्षअखेर अमेरिकेत उपकरणाला परवानगी मिळाली. यातही वेगळा तुलना गट नव्हता, प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच आधीच्या टप्प्याशी होती. ही मर्यादा लक्षात ठेवूनच त्या यशाचा आनंद मानायला हवा.

आपल्याकडे कणा मोडतो तो आंब्याच्या झाडावरून, छपरावरून, बांधकामाच्या परांचीवरून पडून, किंवा रस्त्यावर. रुग्ण घरी येतो आणि पाठोपाठ ‘स्टेम सेल’ची जाहिरात येते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मान्यता मिळालेल्या चाचणीबाहेर अशा दुखापतीवर स्टेम सेल देणं नैतिक नाही. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही 2007 पासून सर्वांसाठी खुली आहे. म्हणून विचारावं: या चाचणीची तिथे नोंद आहे का? तुलना कुणाशी होणार? मोजणार काय, नुसती थरथर की रोजचं काम? आणि आमच्याकडून पैसे का घेता? चाचणीत भाग घेणारा माणूस आपलं शरीर देत असतो, त्याने वर पैसे मोजायचे नसतात.

चांगला उपचार सापडेपर्यंतही पुष्कळ करता येतं. दोन तासांनी कूस बदलणं, मूत्राशय स्वच्छतेने रिकामं करणं, सांधे आखडू न देणं, हाताचा व्यायाम रोज करणं, याने माणसं वाचतात हे गेल्या ऐंशी वर्षांत सिद्ध झालं आहे. हे तालुक्याच्या गावीही, घरच्या माणसांकडून होऊ शकतं. उद्या एखादी खरी चाचणी यशस्वी होईल तेव्हा तिचा फायदा घ्यायला तोच रुग्ण हयात आणि तयार असेल, ज्याची आज ही निगा राखली जाते आहे.